तुरुंगाच्या चुलीतला मिथेन

अन्नाचा पर्यावरणावर पडणारा भार मोजताना चर्चा बहुधा ताटाभोवतीच फिरते आणि त्याला कारणही आहे. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, मानवी कृतींमुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे २६ टक्के उत्सर्जन अन्ननिर्मितीच्या साखळीतून होते. त्याच अभ्यासाप्रमाणे, मांसासाठीच पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिने मिळवताना सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढीच प्रथिने कडधान्यांतून घेतली तर ते एका किलोच्याही आत राहते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील तुरुंगांमध्ये मांस कमी करून कडधान्ये वाढवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. पण ज्या तुरुंगात कैद्याच्या ताटात मुळातच उकडलेला मका आणि घेवड्याच्या बिया एवढेच असते, तिथे ताटातून काय कमी करणार?

रवांडामध्ये हा प्रश्न अत्यंत कठोर स्वरूपात उभा राहिला. १९९४ च्या वंशसंहारानंतर तिथले तुरुंग क्षमतेच्या कितीतरी पट भरले आणि पुढील काही वर्षे एक लाखाहून अधिक लोक कोठडीत होते. एवढ्या लोकांसाठी रोज घेवडा शिजवायचा म्हणजे लाकूड किती लागेल, याचा विचार करावा. सुकलेल्या बियांतील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळल्याशिवाय दाणा मऊ होत नाही, आणि तापमान थोडेसे उतरले तरी ही क्रिया बरीच मंदावते. रवांडा हा डोंगराळ देश आहे; समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, म्हणून तिथे घेवडा आणखी वेळ घेतो. शेकडो लिटरच्या भांड्यांना कुकरचा पर्यायही सहज मिळत नाही. दाट लोकवस्तीच्या या छोट्या देशात डोंगरउतारांवरची झाडे तुरुंगांच्या चुलींत जाऊ लागली, आणि त्याच वेळी भरून वाहणाऱ्या शौचकुंडांतील मैला खालच्या वस्त्यांकडे उतरू लागला.

किगालीच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतील अभियंत्यांनी या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर शोधले. किवू सरोवराजवळच्या च्यांगुगू तुरुंगात २००१ साली त्यांचे पहिले मोठे बायोगॅस संयंत्र सुरू झाले. विटांच्या घुमटाकार, जमिनीखालच्या अनेक टाक्या एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या बांधण्याचे बरेचसे काम कैद्यांनीच गवंडीकाम शिकून केलेले, अशी ही रचना होती. ऑक्सिजन नसलेल्या या टाक्यांमध्ये जिवाणूंचे काही गट मैल्यातील सेंद्रिय पदार्थांचे आधी साध्या आम्लांमध्ये रूपांतर करतात आणि मिथेननिर्मिती करणारे सूक्ष्मजीव त्यापासून वायू तयार करतात. त्यात साधारण ६० टक्के मिथेन असतो. या वायूमुळे लाकडाचा वापर सुमारे निम्म्यावर आला आणि २००५ मध्ये या कामाला शाश्वत ऊर्जेच्या कामांसाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

निम्म्यावरच का, हा प्रश्न मला या कथेतला सर्वांत उद्बोधक भाग वाटतो. माणसाच्या अन्नातील बहुतेक ऊर्जा शरीराने आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे मैल्यात ती थोडीच उरते आणि एका माणसाच्या वाट्याचा वायू अगदी बेताचा असतो. तरीही तो निम्म्या लाकडाची जागा घेतो, कारण तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्यापर्यंत पोहोचते, तर बायोगॅसच्या शेगडीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. म्हणजे लाभाचा मोठा वाटा नव्या इंधनाइतकाच जुन्या चुलीच्या उधळपट्टीतून आलेला आहे. घेवडा रात्रभर भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि बंदिस्त चूल वापरणे हे फुकटात किंवा अल्प खर्चात होणारे उपाय संयंत्राइतकेच गांभीर्याने घ्यायला हवेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून घुमटाला तडा जाऊन वायू गळू लागला तर पर्यावरणीय लाभ झपाट्याने घटतो. शिवाय टाकीतून बाहेर पडणाऱ्या मळीत अनेक रोगजंतू कमी झालेले असले, तरी जंतांची चिवट अंडी टिकून राहतात. ती मळी मक्याच्या शेताला चालेल, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना घालू नये.

मैल्यापासून वायू हा विषय मराठी वाचकाला परका नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम मागितले, ते नाकारले गेल्यावर उपवास आरंभला आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांना उपवासाने साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याच्या खतावर प्रयोग केले. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्र रूढ केले आणि आपल्या संस्थेला अप्पांचेच नाव दिले.

आपल्या कारागृहांतील जेवण मुख्यत्वे पोळी, भात, डाळ आणि भाजी असे असते, म्हणून रवांडाचा धडा इथे युरोपच्या धड्यापेक्षा अधिक जवळचा आहे. मात्र एक पाऊल पुढे टाकता येईल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिले, की शेणाऐवजी पिष्टमय खरकटे वापरले तर अगदी थोड्या कच्च्या मालातून आणि फार कमी वेळात वायू मिळतो, कारण त्या अन्नातील ऊर्जा कोणाच्याही पोटाने काढून घेतलेली नसते. हजारो माणसांच्या स्वयंपाकघरात रोज उरणारा भात, पोळ्यांचे तुकडे, भाज्यांची देठे आणि भाताची पेज एकाच आवारात, ठरलेल्या वेळी आणि जवळपास ठरलेल्या प्रमाणात मिळते. शहरातील कचऱ्यासारखे त्याचे वर्गीकरण करत बसावे लागत नाही. अर्थात खरकटे एकदम जास्त घातले तर टाकीत आम्ल साचते आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. म्हणून मैल्याच्या टाकीत रोज थोडे थोडे, बारीक करून खरकटे मिसळणे हा मार्ग सुरक्षित ठरतो, आणि त्यासाठी नोंदवही घेऊन आम्लता तपासणारा एक प्रशिक्षित बंदी पुरेसा असतो.