मोल आणि रासायनिक प्रमाणगणित

मोल : द्रव्यराशीचे आंतरराष्ट्रीय एकक. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन किंवा अन्य कोणत्याही निर्देशित घटकांच्या ६.०२२१४०७६ × १०²³ इतक्या संख्येला एक मोल म्हणतात. डझन म्हटले की बारा, कोडी म्हटले की वीस, त्याच जातीची ही मोजणी आहे. फरक इतकाच की हे घटक हाताने मोजता येत नाहीत, त्यामुळे ते तोलून मोजावे लागतात. तराजूवरचे वस्तुमान आणि समीकरणातील अणूंची संख्या यांची सांगड घालणाऱ्या गणिताला स्टॉइकिओमेट्री म्हणतात. तिच्यासाठी मराठीत सुचवलेल्या शब्दांपैकी एकही वर्गात पुरता रुळलेला नसल्याने येथे ‘रासायनिक प्रमाणगणित’ असा वर्णनात्मक शब्द वापरला आहे.

संज्ञा : मराठीत मूलद्रव्याच्या लघुतम कणाला अणू आणि अणूंच्या संयोगाने झालेल्या कणाला रेणू म्हणतात. हिंदीत मात्र पहिल्याला परमाणु आणि दुसऱ्याला अणु म्हणतात, म्हणजे एकच शब्द दोन शेजारी भाषांत दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसला आहे. हिंदी पुस्तकातून अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे गणित पुष्कळदा येथेच चुकते. ऑक्सिजनच्या एका ‘अणु’चे वस्तुमान १६ धरायचे की ३२, हे त्या शब्दाच्या भाषेवर अवलंबून राहते. जुन्या मराठी पुस्तकांतील ‘ग्रॅम-अणू’ व ‘ग्रॅम-रेणू’ या संज्ञा आता मागे पडल्या आहेत. त्या मागे पडल्या हे बरेच झाले, कारण त्यांतून मोल हे वजनाचे माप आहे असा समज होई. वस्तुतः ती संख्या आहे.

कणाद आणि डाल्टन : अणुकल्पनेचा आरंभ कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. भारतीय षड्दर्शनांपैकी एक असलेल्या वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांचा काळ काही अभ्यासक ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाइतका मागे नेतात, तर सूत्रांचे आजचे रूप ख्रिस्तपूर्व दुसरे ते ख्रिस्तोत्तर दुसरे शतक या दरम्यान सिद्ध झाले असावे असे इतरांना वाटते. दुसरे मत अधिक सावध वाटते. या दर्शनाच्या परंपरेनुसार दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा धुळीचा कण म्हणजे हे त्र्यणुक. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या लहानात लहान कणात सहा परमाणू.

याच कणाला त्रसरेणू हेही नाव आहे, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोन्यारुप्याच्या वजनांचे कोष्टक त्यापासूनच सुरू होते. त्या कोष्टकाप्रमाणे आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, मग तीन, तीन, सहा आणि तीन अशा पटींनी राजसर्षप, गौरसर्षप, यव आणि शेवटी कृष्णल म्हणजे गुंज. गुणाकार केला तर एका गुंजेत १,२९६ त्रसरेणू होतात. गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम धरली तर कोष्टकातील त्रसरेणू ०.०९ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि तो सोन्याचा असेल तर त्यात अंदाजे २.८ × १०¹⁷ अणू असतात. अर्थात कोष्टकाच्या तळाचे हे वजन नाममात्र आहे, ते कोणी प्रत्यक्ष तोलले नसावे. तरीही सहा आणि १०¹⁷ यांतील अंतर वैशेषिकांचा परमाणू व रसायनशास्त्राचा अणू एक मानता येत नाहीत हे दाखवण्यास पुरेसे आहे. वैशेषिकांचा प्रश्न ‘विभागणी कोठे थांबते’ हा होता, तर इंग्लिश रसायनज्ञ जॉन डाल्टन यांचा प्रश्न ‘एका अणूच्या तुलनेत दुसरा किती जड’ हा होता. प्रमाणगणित दुसऱ्या प्रश्नातून निघाले. अणूविषयीच्या आधुनिक सिद्धान्ताचे श्रेय कणादांना देण्याचा प्रघात अलीकडे वाढला असला, तरी सापेक्ष वस्तुमानाचा विचार त्या दर्शनात आढळत नाही.

इतिहास : स्टॉइकिओमेट्री हा शब्द ‘मूलतत्त्व’ व ‘मापन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून जर्मन रसायनज्ञ येरेमियास बेंजामिन रिश्टर यांनी १७९२ च्या सुमारास घडवला. ठरावीक अम्लाचे उदासिनीकरण करण्यास कोणता आम्लारी किती लागतो याची मापे त्यांनी घेतली. एर्न्स्ट गॉटफ्रीड फिशर यांनी १८०२ मध्ये सल्फ्युरिक अम्लाचे १,००० भाग प्रमाण धरून ती एका कोष्टकात बसवली. त्याच सुमारास जोसेफ प्रूस्त आणि क्लोद बर्थोले यांच्यात संयुगाची घडण स्थिर असते की बदलती यावर दीर्घ वाद झाला व तो प्रूस्त यांच्या बाजूने सुटला. पुढे बदलत्या घडणीचे काही घन पदार्थ सापडले तेव्हा त्यांना बर्थोलाइड हे नाव मिळाले.

डाल्टन यांनी १८०३ ते १८०८ या काळात सापेक्ष अणुवस्तुमाने मांडली, परंतु पाण्यात एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन असे गृहीत धरल्याने ऑक्सिजनचे मूल्य त्यांच्या १८०८ च्या कोष्टकात ७ आले. दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमाने वाफ होते, हे गे-ल्युसॅक यांचे निरीक्षण त्या गृहीताशी जुळेना. समान तापमान व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते आणि ऑक्सिजनचा रेणू दुभंगतो, असे सुचवून अमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये हा पेच सोडवला. पण स्टॅनिस्लाओ कॅनिझारो यांनी १८५८ मध्ये ती कल्पना नव्याने मांडून १८६० च्या रसायनज्ञांच्या कार्लस्रूए परिषदेत तिचा पुरस्कार करेपर्यंत ती जवळपास दुर्लक्षितच राहिली.

ज्या संख्येला अ‍ॅव्होगाड्रो यांचे नाव मिळाले ती त्यांनी कधी काढली नाही. रेणूच्या आकाराचा पहिला विश्वसनीय अंदाज योसेफ लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला, आणि म्हणून जर्मन ग्रंथांत बराच काळ ही संख्या लोश्मिट यांच्या नावे दिली जाई. अ‍ॅव्होगाड्रो हे नाव झाँ पेरँ यांनी १९०९ मध्ये सुचवले. मोल हा शब्द विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचा. त्याचे वर्ष १८९३, १८९४ किंवा १९०० असे वेगवेगळे दिले जाते. वापर १८९० नंतरच्या दशकात सुरू झाला व १९०० पर्यंत स्थिरावला असे म्हणणे सुरक्षित. तो ‘रेणू’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे लघुरूप असावा हे मत ‘ढीग’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी थेट नाते जोडणाऱ्या मतापेक्षा ग्राह्य वाटते, जरी दोन्ही वाटा शेवटी त्याच लॅटिन मुळाशी जातात. विशेष म्हणजे ओस्टवाल्ड तेव्हा अणूंचे अस्तित्वच मानत नव्हते. त्यांचा मोल हे शुद्ध वजनाचे माप होते, आणि अणू खरे आहेत हे त्यांनी १९०८-०९ च्या सुमारास मान्य केले.

व्याख्या : अणुवस्तुमानांचा पाया आधी हायड्रोजन, मग ऑक्सिजन असा बदलत गेला. ऑक्सिजनची जड समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे अधिक वस्तुमानाचे अणू, १९२९ मध्ये सापडल्यावर रसायनज्ञांचे १६ (निसर्गातील मिश्र ऑक्सिजनचे) व भौतिकीविदांचे १६ (केवळ ऑक्सिजन-१६ चे) यांत किंचित फरक पडू लागला, आणि तो मिटवण्यासाठी १९६०-६१ मध्ये कार्बन-१२ हा समान पाया ठरला. १९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत आला. त्या वेळी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंइतके घटक अशी त्याची व्याख्या होती. ती २० मे २०१९ पासून बदलली. आता संख्या अचूक ठरलेली आहे आणि कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान मोजून ठरवायचे आहे. ते १२ ग्रॅमपासून जेमतेम एक अब्जांशाच्या आसपास ढळते, त्यामुळे व्यवहारात काही बदललेले नाही.

संख्या आणि वजन यांतील भेद सराफाच्या काट्यावर चटकन दिसतो. नाशिकच्या सराफ बाजारात तोळ्याची भाषा अजून चालते. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदीत ०.१०८ मोल आणि तेवढ्याच सोन्यात ०.०५९ मोल अणू असतात. काटा दोन्हींना समान म्हणतो, पण सोन्याचा अणू अधिक जड असल्याने चांदीच्या पारड्यात अणू जवळजवळ दुप्पट आहेत.

वायूंचे मोलीय आकारमान : शून्य अंश सेल्सियस व एक वातावरण दाबाला आदर्श वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा व्यापतो. हा आकडा पाठ असतो आणि सर्रास कोठेही वापरला जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. २५ अंश तापमानाला तेथे एक मोल वायू सुमारे २६ लिटर भरतो. प्रयोगशाळेत वायू गोळा करून २२.४ ने भागणाऱ्याचे उत्तर त्यामुळे सहाव्या हिश्शाच्या आसपास चुकते.

बोर्डो मिश्रण : निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांत केवडा रोगावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण हे प्रमाणगणिताचे उत्तम उदाहरण आहे. फ्रान्सच्या बोर्डो परिसरातील या मिश्रणाचा अभ्यास पिएर मिलार्दे यांनी १८८२ नंतर करून १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) व एक किलो चुना घेतात. ‘एकास एक’ हे प्रमाण वजनाचे आहे. मोरचुदाच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असल्याने त्याचा एक मोल २४९.७ ग्रॅम भरतो, म्हणून किलोत तो ४ मोल. कळीच्या चुन्याचा मोल ५६ ग्रॅम, म्हणून किलोत तो जवळपास १८ मोल. सर्व तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपात साका म्हणून खाली आणण्यास मोलास मोल, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध चुना पुरतो. प्रत्यक्षात साका बहुधा आम्लारिधर्मी कॉपर सल्फेटाचा बनतो आणि त्याला त्याहूनही कमी, चार मोल तांब्यास तीन मोल चुना लागतो. येथे मोरचूद हा मर्यादक अभिक्रियाकारक, म्हणजे आधी संपून अभिक्रियेला मर्यादा घालणारा पदार्थ, आहे.

मग चुना चौपट का? बाजारचा चुना शुद्ध नसतो, साठवणीत हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसलेला असतो, आणि विद्राव्य तांबे शिल्लक राहिले तर कोवळी पाने करपतात. चुना अधिक पडण्याने होणारे नुकसान त्या मानाने थोडे. म्हणूनच बागाईतदार चुना विरवून, गाळून, मोरचुदाचे द्रावण प्लॅस्टिकच्या पिंपात वेगळे करतो आणि मिश्रण झाल्यावर घासून लख्ख केलेला विळा किंवा खिळा त्यात काही वेळ बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर धरला तर तांब्याचे आयन मोकळे आहेत, चुना वाढवायचा. पाते जसेच्या तसे राहिले तर फवारणीस हरकत नाही. त्या तांबूस थरातही मोलास मोल हिशेब आहे. ५५.८ ग्रॅम लोखंड विरघळते तेव्हा ६३.५ ग्रॅम तांबे बसते, म्हणजे तांबूस झालेला विळा आधीपेक्षा किंचित जड होतो. लिटमस कागदानेही ही परीक्षा करतात, पण बांधावर विळा अधिक हाताशी असतो.

किण्वन : ग्लुकोजच्या एका रेणूपासून एथिल अल्कोहोलचे दोन व कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात, हे समीकरण गे-ल्युसॅक यांच्या नावे ओळखले जाते. त्याप्रमाणे १८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळावा. नाशिकच्या वाइन कारखान्यांत येणाऱ्या द्राक्षरसात लिटरमागे २२० ग्रॅम साखर धरली, तर हिशेबाने वाइनमध्ये आकारमानाने १४ टक्क्यांहून थोडे अधिक अल्कोहोल यायला हवे. येते १३ टक्क्यांच्या आसपास, कारण यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीस वापरते व काहींचे ग्लिसरॉल आणि सक्सिनिक अम्ल होते. हे दोन पदार्थ किण्वनात नेहमी निर्माण होतात, हे लुई पाश्चर यांनी दाखवले. समीकरण कमाल मर्यादा सांगते आणि प्रत्यक्ष उतारा तिच्या टक्केवारीत मांडला जातो.

वायूकडे मात्र हिशेबात फारसे कोणी पाहत नाही. त्याच एका लिटर रसातून २.४४ मोल, म्हणजे नाशिकच्या हवामानात सुमारे ६४ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हजार लिटरच्या एका टाकीतून निघणारा वायू चार मीटर लांब, रुंद व उंच खोली भरून टाकील. त्याचे मोलीय वस्तुमान ४४ आणि हवेचे सरासरी २९ असल्याने तो तळाशी साचतो. म्हणून हंगामात तळघरातील हवा खालच्या बाजूने खेचून बाहेर काढतात आणि टाकीत उतरण्यापूर्वी आतील वायू मोजतात.