सुगरणींच्या बाभळीखाली

चार-पाच मित्र मिळून पक्षी बघायला निघाले की बहुतेक सकाळ ‘आज नवीन काय दिसलं’ यातच जाते. यादी वाढते, पावलं पुढच्या तळ्याकडे वळतात. मला विचाराल तर पावसाळ्यात यादी घरी ठेवावी. गावाबाहेर विहिरीवर झुकलेली एखादी बाभूळ किंवा शिंदी गाठावी, जिच्यावर सुगरणींचे खोपे लटकलेत. जरा लांब, आडोशाला बसावं आणि कामं वाटून घ्यावीत.

वाटून घ्यावीत, कारण ही धांदल एकट्याच्या डोळ्यांना आवरत नाही. एकाने एकच नर धरून ठेवायचा. खोपा विणतो तो नरच. या दिवसांत त्याचं डोकं पिवळंधमक आणि चेहरा गडद तपकिरी असतो. एरवी तो मादीसारखाच, चिमणीच्या वळणाचा दिसतो. तो उसाच्या किंवा उंच गवताच्या पात्याला कडेने खाच पाडतो, चोचीत टोक धरतो आणि सरळ उडतो. उडता उडता पातं उभं फाटत जातं आणि लांब पट्टी हाती लागते. पट्ट्या साधारण 20 ते 60 सेंटिमीटरच्या, आणि एका खोप्यासाठी फेऱ्या शेकडो. हे बघताना फेऱ्या मोजायचं भान राहत नाही, म्हणून वही दुसऱ्याच्या हातात द्यावी.

तिसऱ्याने माद्यांवर नजर ठेवायची. मादी झाडावर उतरली की अर्ध्या खोप्यांना लटकलेले सगळे नर पंख फडफडवत एकच गलका करतात. या वेळी खोपा शिरस्त्राणासारखा असतो. खालून उघडा, मधोमध आडवी विणलेली पट्टी. मादी त्या पट्टीवर बसते, आत इकडेतिकडे चोच मारून बघते आणि बरेचदा निघून जाते. पसंत पडलं तरच नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. झाडावर जे कायमचे अर्धवट खोपे दिसतात, त्यांतले बरेच असे नाकारलेले.

ती नेमकं बघते काय? इथे आमच्यात हमखास वाद होतो. विणकाम बघते, असं म्हणणारे जास्त. अभ्यासकांना मात्र दिसलंय की खोप्याच्या घडणीपेक्षा जागेचं वजन जास्त पडतं. जागेवरून आठवलं, सोबत होकायंत्र असू द्या. नैर्ऋत्येचा वारा-पाऊस चुकवण्यासाठी खोपे बरेचदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात. तुमच्या झाडावर तसं आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येतं.

सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची अशीच वसाहत निरखली. त्यांच्या ध्यानात आलं की एका खोप्यात मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. महागड्या कॅमेऱ्याने नाही, एकाच जागी ठाण मांडून बसल्याने हे हाती आलं.

खोप्याला हात लावायचा नाही, फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलवायचं नाही. एवढं पाळलं की पुरे.

पाऊस सरला की पाखरं खोपे सोडून जातात. काही खोप्यांत मग मुनिया शिरतात, म्हणून झाडावरचे खोपे काढू नयेत. वाऱ्याने खाली पडलेला मात्र खुशाल उकलून बघावा. आत भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे सापडतात. घरात उजेड पडावा म्हणून सुगरण या चिखलात काजवे चिकटवते, अशी गोष्ट जुनी माणसं सांगतात. आम्हाला काजवा अजून एकाही खोप्यात मिळालेला नाही. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावं, असा एक तर्क आहे. चिखल आत, आडव्या पट्टीच्या आसपास असतो, तेव्हा उकलताना तिथून सुरुवात करा.