फडातली खाज आणि मेडिकलची ट्यूब

दसरा उरकला की बीड, धाराशिव, परभणीकडची कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळीच्या मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, आणि पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या उसाच्या फडात. या मुक्कामात अंगाला खाज सुटणं इतकं ठरलेलं की तिला कुणी दुखणं म्हणतच नाही.

उसाच्या पानाच्या कडेला सिलिकाचे सूक्ष्म दाते असतात, पाचटावर कूस, म्हणजे बारीक टोचरी लव असते. त्यांनी कातडीवर बारीक ओरखडे उठतात, झोंबतं. पण ही खाज अंग धुतलं, फड सुटला की ओसरते. न ओसरणारी खाज वेगळी.

तिच्यात नायटा पहिला. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनावर जगते. तिला ऊब आणि ओल पुरते. पहाटे अंगात घातलेले कपडे घामाने भिजून संध्याकाळपर्यंत तसेच. साडीवर शर्ट चढवून ऊस तोडणाऱ्या बाईच्या कमरेला परकराची नाडी आवळलेली असते, आणि घाम मुरतो तो नेमका तिथे. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पाणी लांबून आणायचं, त्यामुळे रोजची आंघोळही जमेलच असं नाही.

दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. मग कारखान्याच्या वाटेवरच्या मेडिकलमधून ट्यूब येते. अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड बुरशी मारत नाही, शरीराचा प्रतिकार दाबतं. लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत बसते, माणूस खूश होतो. आतली बुरशी मात्र बिनबोभाट पसरते. ट्यूब थांबली की चट्टा दुप्पट, शिवाय त्याची गोल कड पुसट झाल्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला अवघड. महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, पांढरे पट्टे उमटतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 साली झाला. तो किती पाळला जातो, हे कुठल्याही बाजारपेठेत उभं राहून बघावं.

त्यात बुरशीही बदलली आहे. भारतात पसरलेल्या एका प्रकाराला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए हे नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्याच जनुकात या प्रकारात अनेकदा बदल झालेला आढळतो, म्हणून औषध लागू पडत नाही. उपचार कित्येक आठवडे चालतो, आणि तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते.

दुसरी चिवट खाज खरजेची. अर्धा मिलिमीटरहूनही लहान किडा कातडीत बोगदा करून अंडी घालतो. रात्री जास्त खाजतं; बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बघावं. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, पण तोवरही खरूज दुसऱ्याला लागतेच. एका कोपीत, एका गोधडीत झोपणाऱ्या लेकरांचं काय होणार ते वेगळं सांगायला नको. खाजवून पिकलेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस शिरला तर क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

परमेथ्रिनचं मलम यावर चांगलं चालतं, पण ते कोपीतल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, आठवड्याने पुन्हा. त्याच दिवशी अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. एकट्यालाच ट्यूब देऊन परत पाठवणारा दवाखाना अर्धाच उपचार करतो. फडावर जाणाऱ्या आरोग्य पथकाने कोपीतली माणसं मोजून मलम द्यायला हवं, आणि नायट्याच्या गोळ्या पुढच्या मुक्कामापर्यंत पुरतील एवढ्या.