भाजीपाल्यातील विषारी मूलद्रव्यांचे शोषण (खानदेश)

दूषित जमिनीतील कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम इ. मूलद्रव्ये मुळांवाटे भाजीपिकांच्या खाद्य भागांत जाऊन साठण्याची क्रिया. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हा प्रश्न मुख्यत्वे शहरांलगतच्या, नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या मळ्यांपुरता येतो.

या मूलद्रव्यांसाठी वनस्पतीत वेगळी वाट नसते. पोषकांच्याच वाटेने ती आत शिरतात. कॅडमियम जस्त, लोह व मँगॅनीज यांच्या वाहक प्रथिनांतून, आर्सेनेट (आर्सेनिकचे ऑक्सिजनयुक्त, ऋणभारित रूप) फॉस्फेटच्या, तर षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) सल्फेटच्या वाहकांतून जाते. शिसे बहुतांशी मुळांच्या पेशीभित्तींनाच चिकटून राहते. पिकातील व जमिनीतील प्रमाणाचे गुणोत्तर (संक्रमण गुणांक) कॅडमियमसाठी ढोबळमानाने १ ते १०, तर शिशासाठी ०.०१ ते ०.१ मानतात. पालक व इतर पालेभाज्यांत साठा अधिक, मुळा-गाजरात सामान्यतः त्याखालोखाल आणि गिलकी, भेंडी व शेंगभाज्यांत कमी. वांगे मात्र फळभाजी असूनही कॅडमियम बऱ्यापैकी ओढते. जपानमधील प्रयोगांत रानवांग्याच्या खुंटावर कलम केल्याने फळातील कॅडमियम लक्षणीय घटले. भरिताच्या वांग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागाने दखल घ्यावी, अशी ही गोष्ट आहे. वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजून साल काढली की वरची धूळ जाते. गरातले कॅडमियम जात नाही.

जमिनीत धातू सापडला म्हणजे ती दूषित झाली काय, यावर मतभेद आहेत. तापी खोऱ्याच्या दक्षिणेकडील काळी जमीन दख्खनच्या बेसाल्टपासून बनली असून या खडकाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे मानतात. बेसाल्टमध्ये मुळातच क्रोमियम, निकेल व तांबे भरपूर असते. जागतिक सरासरी क्रोमियमसाठी किलोमागे सुमारे १७० मिग्रॅ., निकेलसाठी १३० मिग्रॅ. आहे. यूरोपीय समुदायाने १९८६ मध्ये मैला-गाळ वापरायच्या जमिनींसाठी निकेलची मर्यादा ३० ते ७५ मिग्रॅ. ठरवली. ती जशीच्या तशी लावल्यास निखळ बेसाल्टी मातीही दूषित ठरू शकते. एकूण प्रमाणावर भर देणारे अभ्यासक ही अडचण मान्य करतात, पण पद्धत सोडत नाहीत. त्यापेक्षा डीटीपीए (धातू धरून ठेवणारे एक रसायन) द्रावणात उतरणारा, म्हणजे पिकाला मिळू शकणारा अंश मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत मूळची चुनखडीयुक्त जमिनीतील जस्त-लोह तपासण्यासाठी असल्याने खानदेशच्या मातीला जवळची आहे. बेसाल्टमध्ये कॅडमियम जेमतेम ०.२ मिग्रॅ. असते, म्हणून ते ठळकपणे वाढलेले आढळल्यास स्फुरदयुक्त खत, सांडपाणी अथवा कारखानी मळीकडे बोट दाखवता येते. पालेभाजीतील शिसे मुळांतून येते की धुळीतून, हाही जुना वाद आहे. रस्त्याकडेच्या मळ्यांबाबत धुळीचा व पावसाने उडणाऱ्या चिखलाचा पक्ष बळकट दिसतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तरी आधी मातीत बसलेले शिसे सहजी निघून जात नाही.

काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ असतो. त्यामुळे, आणि चिकणमातीच्या पकडीमुळे, कॅडमियम व शिसे जखडून राहतात. आर्सेनिक व षट्संयुजी क्रोमियम यांना हे संरक्षण लागू नाही. ऋणभारित असल्याने ते अल्कधर्मी मातीत उलट अधिक मोकळे होतात. खारवट विहिरीच्या पाण्यातील क्लोराइडही कॅडमियमला विद्राव्य ठेवते. चुनखडीच्या जमिनीत जस्ताची उणीव नेहमीची, आणि जस्त कमी पडले की पीक कॅडमियम जास्त घेते. झिंक सल्फेट देण्याचा शेतकऱ्यांचा प्रघात येथे दुहेरी उपयोगाचा ठरतो.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकानुसार ताज्या पालेभाज्यांत कॅडमियम किलोमागे ०.२ मिग्रॅ. व शिसे ०.३ मिग्रॅ. पर्यंत चालते. भाजी धुतल्याने शिसे काही अंशी कमी होते, कॅडमियम फारसे नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनींत चिकणमाती कमी असल्याने धातूंची पकडही कमी असते. नंदुरबारच्या पथारींवर (मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर) उघड्यावर वाळणाऱ्या मिरचीला धूळ लागते, शिवाय वाळताना वजन सुमारे चौथाईवर येते. तेव्हा तिच्यातील आकडे ओल्या भाजीच्या मर्यादेशी थेट ताडून पाहू नयेत.