जिवाणूंचा आरएनए पाठवताय? सेंट्रिफ्यूजच्या आधी हे वाचा

नांदेड, परभणी, लातूरहून सॅम्पल पाठवणारे संशोधक विद्यार्थी आमच्या संभाजीनगरच्या लॅबला एकच प्रश्न विचारतात. "सर, डीईपीसीचं पाणी वापरलं, हातमोजे बदलले, कल्चर बर्फात ठेवलं. तरी आमच्या जीनचा सिग्नल का येत नाही?"

हातमोजे आणि डीईपीसी हे रसायन बाहेरून येणारा आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, अडवतात. तुमचा मेसेंजर आरएनए (जीनचा संदेश नेणारा, आपण मोजतो तो) संपवणारे एन्झाइम जिवाणूच्या पेशीतलेच असतात. ई. कोलायमध्ये आरएनेज-ई कोयत्याने ऊस तोडावा तसा तो मधेच तोडतो. मग पीएनपेज आणि आरएनेज-टू ते तुकडे थ्री प्राइम, म्हणजे शेवटच्या टोकाकडून चरकात घातल्यासारखे खात सुटतात. पेशीचं यांच्यावाचून चालतही नाही. लांब कच्च्या आरएनएमधून १६एस आणि २३एस या रायबोसोमल आरएनएंचे (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएंचे) भाग आरएनेज-थ्री सुटे करतो, तर टीआरएनएचं (प्रथिनासाठी अमिनो आम्ल आणणाऱ्या आरएनएचं) पुढचं टोक आरएनेज-पी छाटतो. (या आरएनेज-पीमध्ये कापायचं काम प्रथिन नव्हे, आरएनएच करतो. त्या शोधासाठी सिडनी ऑल्टमन यांना थॉमस चेक यांच्यासोबत १९८९चं नोबेल मिळालं. तोंडी परीक्षेला विचारतात.)

आता हिशोब करा. ई. कोलायमध्ये बऱ्याच मेसेंजर आरएनएंचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा वेळ) ३७ अंशांना २ ते ८ मिनिटं असतं. ५ मिनिटांचं धरलं आणि पेशीने नवा बनवणं थांबवलं, तर १० मिनिटांच्या सेंट्रिफ्यूजनंतर चौथा हिस्सा उरतो. शिवाय सगळ्या जीनचे आरएनए सारख्या वेगाने घटत नाहीत, त्यामुळे तुलनाच बिघडते. बर्फाने वेग मंदावतो हे खरं, पण थंडी लागताच कोणते जीन चालू आणि कोणते बंद ठेवायचे ते जिवाणू बदलतो. सीएसपीए या थंडीत कामाला येणाऱ्या जीनचा आरएनए एरवी काही सेकंदांत नाहीसा होतो, थंडीत तोच टिकून राहतो. म्हणजे तुम्ही समजा खताचा परिणाम मोजायला निघालात आणि बर्फाचा मोजलात.

म्हणून आधी स्टॅबिलायझर (आरएनए तुटणं थांबवणारा द्रव), मग सेंट्रिफ्यूज. एक भाग कल्चर थेट दोन भाग स्टॅबिलायझरमध्ये ओता, हलवा, ५ मिनिटं ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसलेला पेशींचा गोळा, म्हणजे पेलेट, काढून मगच गोठवा. आधी पेलेट करून वरून स्टॅबिलायझर घालणारे बरेच जण आहेत. तो पैसा पाण्यात जातो.

"जेलवर दोन बँड झकास होते, मग सॅम्पल नाकारलं कसं?" असं आम्हाला ऐकवलं जातं. जेलवर (आरएनए आकारानुसार वेगळा करणाऱ्या थरावर) दिसणारे ते बँड रायबोसोमल आरएनएचे. तो रायबोसोममध्ये सुरक्षित असतो. मेसेंजर निम्मा संपला तरी ते तसेच दिसतात. म्हणूनच स्टॅबिलायझर कधी घातला हे फॉर्मवर लिहून मागतो, आणि ते नसेल तर काम सुरू करत नाही. पुन्हा करायची वेळ आली तर खर्च तुमचाच होतो.

आरएनएच्या पॉली-ए (सलग 'ए' अक्षरांच्या) शेपटीला चिकटून त्याची डीएनए प्रत काढणारं ओलिगो-डीटीचं किटही आणू नका. जिवाणूत पॉली-ए शेपूट लागली की आरएनए उलट लवकर तुटतो. आम्ही रँडम हेक्सामर (आरएनएवर कुठेही चिकटणारे सहा अक्षरी डीएनए तुकडे) वापरतो, ते दरातच धरलेले आहेत.

मोजून भरलेल्या स्टॅबिलायझरच्या ट्यूब आमच्याकडे मिळतात. टेस्ट आमच्याकडे केली तर त्यांची किंमत बिलातून वजा होते. गावात ड्राय आइस मिळत नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, डबा आम्ही पाठवू. शनिवारी मात्र पार्सल टाकू नका; रविवारी लॅब बंद असते.