टॉय ट्रेन म्हणू नका राव!

नेरळ-माथेरान गाडीला कुणी टॉय ट्रेन म्हटलं की मला उगाच राग येतो. दोन फुटी रूळ आहेत म्हणून खेळणं? १८८९ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, आयफेल टॉवर उभारला तेच प्रदर्शन, जेमतेम ३ किलोमीटरची ६० सेंटीमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) गाडी होती, रूळ माथेरानपेक्षा एक सेंटीमीटरने अरुंदच, आणि तिने सहा महिन्यांत ६० लाखांहून जास्त लोक नेले! प्रदर्शन संपलं की उचलायची म्हणून टाकलेली लाईन. बनवणारा पॉल डेकोव्हिल, मूळचा साखरेच्या बीटाचा शेतकरी. शेतातून बीट काढायला त्याने रूळ आणि लोखंडी स्लीपर (रुळांखालचे आडवे पट्टे) आधीच जोडून शिडीसारखे तुकडे केले, आडवे टाका, जोडा, काम झालं की उचला.

पण माझं प्रेम आहे ते त्या पॅरिसच्या गाडीच्या काही इंजिनांवर, अनातोल मॅले या इंजिनीअरच्या डिझाइनची. अरुंद रूळ म्हणजे जड इंजिन पेलायला चाकं जास्त हवीत, आणि चाकांची लांब रांग वळणावर अडकते, जिन्यात कपाट अडकतं तशी. मग चाकांचे दोन गट करायचे, मागचा बॉयलरला पक्का, पुढचा वळणारा. पण वळणाऱ्या गटाला वाफ द्यायची तर पाईपला हलता सांधा लागतो, आणि जास्त दाबाची वाफ तिथून फुसफुसणारच. मॅलेने काय केलं, ताजी वाफ मागच्या सिलिंडरना (वाफ जिथे दट्ट्या ढकलून चाकं फिरवते ती नळकांडी) दिली, जिथे पाईप हलतच नाही, आणि तिथे काम करून दाब उतरलेली वाफ हलत्या सांध्यातून पुढे पाठवली. पसरलेल्या वाफेला जागा जास्त लागते म्हणून पुढचे सिलिंडर मोठे. शिवाय वाफ एकाच सिलिंडरमध्ये पूर्ण पसरू दिली तर ती थंड होताना त्याच्या भिंतीही थंड होतात, मग पुढची ताजी वाफ आत येताच थोडी पाणी होऊन वाया जाते, दोन टप्प्यांत हा तोटा कमी, कोळसा वाचतो. (इथे कुणी कंटाळलं असेल तर सॉरी, पण हाच तर मुद्दा आहे.)

वाफ दोनदा वापरली म्हणजे फुकटची डबल पॉवर नाही हं, ते चुंबकावर चालणाऱ्या मोटारीचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड वेगळे. धुराड्यातून वाया जाणारी ताकद थोडी वसूल झाली, एवढंच.

पॅरिसची ती गाडी झाडांच्या इतकी जवळून जायची की कंपनीने बऱ्याच भाषांत पाट्या लावल्या होत्या: हात-पाय, डोकं बाहेर काढू नका, झाडं आहेत!