रिफमधील गांजाशेती व चरसनिर्मितीचे आधुनिकीकरण

रिफ ही मोरोक्कोच्या उत्तर किनाऱ्यालगतची डोंगररांग. तिच्यातील केतामा परिसरात गांजाची लागवड पिढ्यानपिढ्या होत आली आहे. १८९०च्या सुमारास सुलतान पहिला हसन याने तिथल्या मोजक्या गावांना लागवडीची मुभा दिली होती. १९५६च्या स्वातंत्र्यानंतर बंदी आली, तरी लागवड थांबली नाही. उताराच्या हलक्या जमिनीत इतका पैसा देणारे दुसरे पीक नव्हते. त्या काळी मुख्य उत्पादन ‘किफ’ होते : बारीक चिरलेला गांजा तंबाखूत मिसळून ‘सेब्सी’ या लांब नळीच्या चिलमीतून ओढला जाई. चरस, म्हणजे गांजाच्या फुलांवरची राळ, काढण्याची पद्धत १९६०च्या दशकात परदेशी प्रवाशांच्या मागणीबरोबर रुजली. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झालेल्या पाहणीत १,३४,००० हेक्टरवर लागवड आढळली.

हिमाचलातील मलाण्यात ओली फुले तळव्यांवर चोळून चरस काढतात, तर रिफमध्ये वाळलेली झाडे चाळतात. थंडीत राळेच्या ग्रंथी ठिसूळ होऊन सहज सुटतात. भांड्यावर ताणलेल्या बारीक कापडावर झाडे ठेवून काठ्यांनी बडवले की खाली राळेची पूड पडते. पहिली चाळण सर्वांत शुद्ध. जास्त बडवल्यास पानांचा चुरा मिसळतो आणि प्रत उतरते. जुन्या वाणाच्या १०० किलो मालातून जेमतेम ३ किलो राळ मिळे.

‘बेल्दिया’ हा तिथला देशी वाण मुख्यतः कोरडवाहू आहे. हिवाळ्याच्या अखेरीस पेरला की वसंतातल्या पावसावर वाढतो आणि भर उन्हाळ्यात काढणीला येतो. २००० नंतर ‘खरदाला’ आणि मग युरोपात तयार झालेले संकरित वाण आले. त्यांत राळ जास्त आणि टीएचसी हा नशा आणणारा घटकही कितीतरी अधिक, पण ते शरद ऋतूपर्यंत शेतात उभे राहतात. रिफचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे सगळा भार सिंचनावर पडतो. मग खोल बोअर, सौर पंप, प्लास्टिक अस्तराची शेततळी आणि ठिबकच्या नळ्या आल्या. वरच्या शेतकऱ्याने बोअर खोल नेला की खालच्या वाडीचा झरा आटतो. या बदलाची सर्वांत जड किंमत हीच आहे. शिवाय संकरित झाडाचे बी पुढच्या वर्षी मूळ गुण राखत नाही, म्हणून बियाणे विकतच घ्यावे लागते. त्यातच परागकण वाऱ्याने दूरवर जात असल्याने शेजारच्या बेल्दियाचे घरचे बीही भेसळते.

२०२१च्या १३-२१ क्रमांकाच्या कायद्याने वैद्यकीय, सौंदर्यप्रसाधनीय व औद्योगिक वापरासाठी लागवड खुली केली. नशेसाठीचा वापर बेकायदाच राहिला. परवाने अल होसेमा, शेफशाउएन आणि ताउनात या तीन प्रांतांपुरतेच मिळतात. शेतकऱ्याला सहकारी संस्थेत सामील व्हावे लागते, मान्यताप्राप्त बियाणेच पेरावे लागते आणि माल परवानाधारक प्रक्रियादारालाच विकावा लागतो. २०२३च्या पहिल्या कायदेशीर हंगामात २९४ टन माल निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राजाने गांजालागवडीच्या प्रकरणांतील ४,८३१ जणांना माफी दिली. त्याच वर्षी बेल्दियाही परवान्याच्या कक्षेत आला. कमी पाणी मागणाऱ्या या वाणाला सुरुवातीपासूनच स्थान मिळायला हवे होते. कायदेशीर मालाचे पैसे मात्र उशिरा हातात पडतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. चोरट्या बाजारातला दलाल रोख देतो, त्यामुळे बरेच जण अजून दोन्हीकडे पाय ठेवून आहेत.